बालकांचा शारीरिक छळ आणि ‘जोखीम-घटकां’ची यादी : एक चिकित्सा

सारांश

बालकांच्या शारीरिक छळाचा अभ्यास प्रामुख्याने ‘जोखीम-घटक’ या संकल्पनेच्या आधारे केला जातो. दारिद्र्य, पालकांचे अल्प शिक्षण, व्यसन, कौटुंबिक कलह, पालकांनी स्वतः बालपणी सोसलेला मार इत्यादी घटकांची यादी समाजकार्य, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र आढळते. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा उगम, भारत सरकारचा २००७ चा बाल अत्याचारविषयक अहवाल, मराठी साहित्यातील एक परिचित प्रसंग आणि प्रचलित कायद्याची भाषा यांच्या साहाय्याने या यादीची चिकित्सा केली आहे. जेथे मारणे हा अपवाद नसून रूढी आहे, तेथे ही यादी छळाचे मूळ न दाखवता ते झाकण्याचा संभव असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बालछळ, जोखीम-घटक, शारीरिक शिक्षा, सामाजिक संमती, बालहक्क.

प्रस्तावना

मुलाला मारण्यासंबंधी मराठी भाषेत शब्दांची मोठी श्रीमंती आहे. चापट, धपाटा, रट्टा, फटका, चोप, मार ही नामे आणि बदडणे, झोडपणे, सडकून काढणे ही क्रियापदे तीव्रतेच्या चढत्या क्रमाने लावता येतात. या क्रमाच्या आरंभी असलेला ‘धपाटा’ हा शब्द तर जवळजवळ लडिवाळ आहे. आईने पाठीत घातलेल्या धपाट्याची आठवण सांगताना प्रौढ माणसाच्या चेहऱ्यावर हसू उमटते. याउलट ‘छळ’ हा शब्द उच्चारताच सावत्र आई, दारुडा बाप, घरकामाला ठेवलेले पोर अशी चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. सज्जन घरातील मार हा ‘मार’ असतो आणि दुर्जनाच्या घरातील मार हा ‘छळ’ असतो, अशी ही विभागणी आहे. ती कोणी जाणीवपूर्वक केलेली नाही. परंतु भाषेने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे.

बालकांच्या शारीरिक छळाच्या शास्त्रीय अभ्यासातही हीच विभागणी वेगळ्या वेशात वावरते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. अंगणवाडी सेविका, शिक्षक, परिचारिका व डॉक्टर यांना कोणत्या मुलाकडे संशयाने पाहायला शिकवले जाते आणि कोणत्या मुलाच्या अंगावरचा वळ ‘पडला असेल’ म्हणून सोडून दिला जातो, हे या उत्तरावर अवलंबून असते.

संकल्पनेचा उगम

मुलांवरील मारहाणीच्या वैद्यकीय नोंदी जुन्या आहेत. फ्रान्समधील न्यायवैद्यक तज्ज्ञ आंब्रुआझ तार्द्यू यांनी १८६० मध्ये अशा प्रकरणांचे वर्णन केले होते. १९४६ मध्ये अमेरिकेतील क्ष-किरण तज्ज्ञ जॉन कॅफी यांनी मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेल्या सहा तान्ह्या मुलांच्या हातापायांच्या लांब हाडांत अस्थिभंग आढळल्याची नोंद केली. तथापि, या विषयाला सार्वजनिक मान्यता मिळाली ती १९६२ मध्ये. त्या वर्षी डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केंपे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकाच्या लक्षणसमूहावरील निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ७१ रुग्णालयांकडून एका वर्षातील ३०२ प्रकरणांची माहिती मिळवली होती. त्यांपैकी ३३ मुले दगावली होती व ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती.

या निबंधाने एक मोठे काम केले. पालक स्वतःच्या मुलाला जीवघेणी इजा करू शकतात, हे मान्य करण्यास वैद्यकक्षेत्र तयार नव्हते. ते त्याला मान्य करावे लागले. परंतु त्याचबरोबर या विषयाचा एक साचाही तयार झाला. छळ हा एक विकार, मूल हा रुग्ण आणि पालक हे रोगाचे कारण, असा तो साचा होता. रोगाचे कारण शोधताना कोणत्या व्यक्तींमध्ये तो अधिक आढळतो हे पाहणे, ही साथरोगशास्त्राची रीत आहे. ‘जोखीम-घटक’ ही संज्ञा तेथूनच आली. हृदयविकाराच्या संदर्भात धूम्रपान किंवा उच्च रक्तदाब यांचे जे स्थान, तेच बालछळाच्या संदर्भात दारिद्र्य, व्यसन व कलह यांना मिळाले.

येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे ठरेल. केंपे व सहकाऱ्यांनी स्वतः असा इशारा दिला होता की, ही मारहाण मनोविकृत किंवा निर्धन पालकांपुरती मर्यादित नाही. सुशिक्षित व आर्थिकदृष्ट्या स्थिर घरांतही ती घडते. पुढील काळातील याद्यांमध्ये हा इशारा क्षीण होत गेला.

या साच्याला आव्हानेही लवकरच मिळाली. डेव्हिड गिल यांनी १९७० मध्ये असे मांडले की, मुलांवर बळ वापरण्यास संस्कृतीने दिलेली संमती हाच या प्रश्नाचा पाया आहे. जे बेल्स्की यांनी १९८० मध्ये व्यक्ती, कुटुंब, समुदाय व संस्कृती अशा एकात एक सामावलेल्या स्तरांचे प्रारूप सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या हिंसाचार व आरोग्यविषयक अहवालाने हेच स्तरबद्ध प्रारूप स्वीकारले. म्हणजे संस्कृती हा घटक यादीत समाविष्ट झाला. परंतु तो यादीच्या शेवटी, सर्वांत बाहेरच्या वर्तुळात बसवला गेला. जे सर्वांत बाहेर असते ते सर्वांत दूरचे मानले जाते. प्रत्यक्षात संमती ही घराच्या बाहेर उभी नसते. ती मारणाऱ्याच्या हातातच असते.

२००७ चा अहवाल : आकडे आणि त्यांचा अर्थ

भारताच्या संदर्भात या विषयावरील सर्वाधिक उद्धृत होणारा दस्तऐवज म्हणजे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला बाल अत्याचारविषयक अभ्यास होय. महाराष्ट्र व गोवा यांसह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांच्या मुलाखतींवर तो आधारलेला आहे. कुटुंबात राहणारी पण शाळेत न जाणारी मुले, शाळेत जाणारी मुले, संस्थांमधील मुले, काम करणारी मुले व रस्त्यावरील मुले असे पाच गट त्यासाठी करण्यात आले होते. दर तीन मुलांपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसल्याचे सांगितले. कुटुंबात असा छळ झालेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांच्या बाबतीत मारणारे आईवडीलच होते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. पाच ते बारा या वयोगटातील मुले अधिक असुरक्षित असल्याचाही निष्कर्ष अहवालात आहे.

या आकड्यांचे वाचन दोन बाबतींत सावधपणे करावे लागते. पहिली बाब नमुन्याची आहे. सदर पाच गट लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणानुसार घेतलेले नव्हते. रस्त्यावरील व संस्थांमधील मुलांना नमुन्यात मिळालेले स्थान त्यांच्या प्रत्यक्ष संख्येपेक्षा कितीतरी मोठे आहे. त्यामुळे ‘देशातील तीनपैकी दोन मुलांचा छळ होतो’ असे जे विधान भाषणांतून व लेखांतून केले जाते, ते अहवालाच्या आधारे काटेकोरपणे करता येत नाही. दुसरी बाब व्याख्येची आहे. थप्पड वा लाथ मारणे, काठीने मारणे, ढकलणे वा गदागदा हलवणे हे सर्व शारीरिक छळात मोजले गेले आहे. केंपे यांच्या नोंदीतील प्रकरणे बहुतांशी तीन वर्षांखालील मुलांची व अस्थिभंगासारख्या गंभीर इजांची होती. २००७ च्या अहवालातील मोठा भाग शाळकरी वयातील मुलांचा व ‘शिस्ती’साठी दिलेल्या माराचा आहे. या दोन्हींना एकच नाव दिल्याने एकाचे जोखीम-घटक दुसऱ्यास सहज चिकटवले जातात.

याच ठिकाणी संकल्पनेची खरी अडचण दिसून येते. जोखीम-घटक हे साधन विरळ घटनेसाठी घडवलेले आहे. शंभरांतून दोघांना होणारा रोग इतर अठ्ठ्याण्णव जणांना का होत नाही, हे शोधण्यास ते उपयोगी पडते. परंतु अभ्यासलेल्या शंभर मुलांपैकी पासष्ट किंवा त्याहून अधिक मुले मार खात असतील, तर मारणाऱ्यांमध्ये वेगळे काय आहे हा प्रश्नच उलटा ठरतो. नमुन्यातील उणिवा लक्षात घेऊन हे प्रमाण बरेच कमी मानले, तरी मार हा अपवाद ठरत नाही. अशा स्थितीत विचारण्याजोगा प्रश्न असा की, उरलेल्या मुलांना मारापासून कोणी व कशाने वाचवले?

शिक्षकाचे उदाहरण

प्रचलित यादीतील घटक पडताळून पाहण्यासाठी शाळेइतके चांगले ठिकाण नाही. दारिद्र्य, निरक्षरता, व्यसन, गर्दीचे घर, अल्पवयीन मातृत्व, सामाजिक एकाकीपणा यांपैकी बहुतेक घटक शिक्षकाला लागू पडत नाहीत. तो पदवीधर असतो, त्याने बालमानसशास्त्राचा पेपर दिलेला असतो, नियमित वेतन घेणाराही असतो. तरीही ६५ टक्के शाळकरी मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले. यादीतील पालकविषयक घटक शाळेतील माराचे स्पष्टीकरण देऊ शकत नसतील, तर घरातील माराचे स्पष्टीकरण तरी त्यांनी कितपत दिले आहे, अशी शंका घेण्यास जागा राहते.

निरक्षर बाप आणि पदवीधर शिक्षक यांच्यात समान काय आहे? मुलाच्या भल्यासाठी त्याच्या शरीराला वेदना देण्याचा अधिकार स्वतःला आहे, ही दोघांची खात्री समान आहे. पहिली पाच वर्षे लाड करावेत, पुढील दहा वर्षे ताडन करावे आणि सोळाव्या वर्षी पुत्राला मित्र मानावे, या आशयाचे संस्कृत सुभाषित आजही वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते. ताडनाची ही दहा वर्षे म्हणजे नेमके शाळकरी वय होय. २००७ च्या अहवालाने अधिक असुरक्षित ठरवलेला पाच ते बारा हा वयोगट याच काळात येतो, ही बाब दुर्लक्षण्याजोगी नाही.

या विवेचनाचा अर्थ दारिद्र्याचा व छळाचा संबंध नाही, असा मात्र नव्हे. लेरॉय पेल्टन यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, छळ सर्व वर्गांत सारखाच असतो हे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. अभावाचा ताण मुलांच्या वाट्याला प्रत्यक्ष येतो, आणि वर्गातीततेचे मिथक गरिबांना मिळावयाच्या मदतीच्याच आड येते. पालकांच्या पूर्वानुभवाबाबत कॉफमन व झिगलर यांनी १९८७ मध्ये केलेला अंदाजही येथे उद्बोधक आहे. बालपणी छळ सोसलेल्या पालकांपैकी सुमारे ३० टक्के पालक आपल्या मुलांचा छळ करतात, असा तो अंदाज होता. याचा अर्थ सुमारे ७० टक्के पालक ती साखळी तोडतात. जोखीम-घटक म्हणजे भाकीत नव्हे आणि दोषारोप तर नव्हेच, हे या एका आकड्यावरून स्पष्ट व्हावे.

यादीचा सदुपयोगही नाकारता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगात, पहिलटकरीण मातांच्या घरी परिचारिकांनी नियमित भेटी दिल्या. अल्पवयीन, अविवाहित वा गरीब मातांना त्यात प्राधान्य होते. पंधरा वर्षांनंतरच्या पाहणीत या कुटुंबांत छळ व हेळसांडीच्या नोंदी कमी आढळल्या. मात्र ज्या घरांत स्त्रीला वारंवार मारहाण होत होती, तेथे हा लाभ दिसला नाही. मदत कोठे आधी पोहोचवावी हे ठरवण्यासाठी यादी वापरली, तर ती उपकारक ठरते. संशय कोणाचा घ्यावा हे ठरवण्यासाठी वापरली, तर तीच अन्यायकारक होते.

मराठी साहित्यातील एक साक्ष

संमतीचे स्वरूप आकडेवारीत दिसत नाही; ते साहित्यात दिसते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले व १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक मराठी घरांत मातृप्रेमाचा आदर्श म्हणून वाचले जाते. त्यातील पोहायला शिकण्याचा प्रसंग सर्वपरिचित आहे. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शोधून काढते, मारते व विहिरीकडे धाडते. मुलगा पोहून परततो, तेव्हा त्याच आईचे वात्सल्य उचंबळून येते. पुढे मोठा झालेला श्याम हा मार कृतज्ञतेने आठवतो.

या आईला जोखीम-घटकांच्या यादीवर तपासून पाहावे. घरात ओढग्रस्त आहे, हे खरे. परंतु मार ओढग्रस्तीतून आलेला नाही. तेथे व्यसन नाही, मुलाविषयी तिटकारा नाही, संतापाचा अनावर उद्रेकही नाही. मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, या काळजीतून तो मार आलेला आहे. मारामागे कर्तव्य आहे आणि मारानंतर माया आहे. मराठीत ‘वळ’ आणि ‘वळण’ हे शब्द शेजारी नांदतात. या प्रसंगात ते जणू कार्यकारणभावाने जोडले गेले आहेत.

सदर पुस्तकाला आजच्या निकषांनी आरोपी ठरवणे हा येथे हेतू नाही. त्याच पुस्तकात ही आई बहुतेक वेळा शब्दांनी व स्वतःच्या आचरणाने मुलाला घडवते, हे कोणीही वाचक मान्य करील. प्रश्न वाचकाचा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांनी त्या प्रसंगातील मायेवर अश्रू ढाळले; त्यातील मार मात्र त्या मायेची किंमत म्हणून निमूटपणे स्वीकारला. प्रेमळ हातून आलेली वेदना ही वेदना नव्हे, असे शिकलेले मूल पुढे आईबाप होते. कोणत्याही प्रश्नावलीत हा शिक्षणक्रम नोंदवला जात नाही.

त्याच काळात याच भूमीत वेगळा विचारही मांडला जात होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे सुरू केलेल्या बालमंदिरात शिक्षा व भय यांना स्थान नव्हते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघाच्या माध्यमातून, पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह, हा विचार आदिवासी पाड्यांपर्यंत नेला. ज्यांना दारिद्र्यामुळे ‘जोखमीची’ कुटुंबे म्हटले जाईल, अशाच कुटुंबांतील मुलांना अंगणात जमवून, न मारता शिकवण्याचा हा प्रयोग होता. मारण्यावाचून गत्यंतर नाही, हे म्हणणे त्या अंगणात खोटे ठरले होते.

कायद्यातील एक विशेषण

समाजाची संमती कायद्याच्या भाषेतही उतरते. भारताने बालहक्क संहितेस ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली. तिच्या अनुच्छेद १९ नुसार मुलांना सर्व प्रकारच्या शारीरिक व मानसिक हिंसेपासून संरक्षण देणे शासनावर बंधनकारक आहे. गोवा बालक अधिनियम, २००३ ने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने ती देशभर लागू केली. शाळेपुरता कायदा निःसंदिग्ध झाला, ही मोठी प्रगती होय.

घराच्या उंबरठ्यावर मात्र कायद्याचा स्वर बदलतो. बाल न्याय अधिनियम, २००० च्या कलम २३ मध्ये बालकाला ‘अनावश्यक’ मानसिक किंवा शारीरिक यातना होतील अशा वर्तनास शिक्षा सांगितली होती. २०१५ च्या अधिनियमाच्या कलम ७५ ने शिक्षेची मर्यादा सहा महिन्यांवरून तीन वर्षांपर्यंत वाढवली. परंतु ते विशेषण कायम ठेवले. काही यातना अनावश्यक असतील, तर काही आवश्यक असतात, असे त्यातून ध्वनित होते. ती सीमारेषा कोणी आखावयाची, यावर कायदा मौन पाळतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ मध्ये बारा वर्षांखालील बालकाच्या हितासाठी पालकाने वा त्याच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये ते जवळपास तसेच पुढे चालू राहिले आहे. १८६० चा पालक आणि २०२४ चा पालक यांच्यामध्ये कायद्याने फारसा फरक केलेला नाही.

स्वीडनने १९७९ मध्ये घरातील शारीरिक शिक्षेसही मनाई केली. ती माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघरी पोहोचवण्यात आली. उद्देश पालकांना तुरुंगात पाठवण्याचा नव्हता. मारण्यास समाजाची संमती राहिलेली नाही, हे न्याहारीच्या वेळी प्रत्येक घराला कळावे, हा होता. त्यानंतर साठाहून अधिक राष्ट्रांनी हा मार्ग अनुसरला. दक्षिण आशियात नेपाळने २०१८ मध्ये त्याचा आरंभ केला. भारतात घरातील शिक्षेबाबत असा स्पष्ट निषेध अद्याप झालेला नाही.

सौम्य शिक्षा व गंभीर छळ यांच्यात भिंत आहे, असे गृहीत धरून ही सवलत दिली जाते. ती भिंत मुळातच कच्ची आहे. एलिझाबेथ गर्शॉफ यांनी २००२ मध्ये ८८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. शारीरिक शिक्षेने मूल तत्काळ आज्ञा पाळते, हा एकच इष्ट परिणाम त्यात दिसला. आक्रमकता, मानसिक अस्वास्थ्य, पालक-बालक संबंधांतील बिघाड आणि स्वतः शारीरिक छळास बळी पडण्याची शक्यता यांच्याशी मात्र तिचा सहसंबंध आढळला. हा सहसंबंध आहे; त्याला कार्यकारणभाव म्हणता येणार नाही. तथापि, मूल ऐकत नाही म्हणून पहिला फटका बसतो, तरीही ते ऐकत नाही म्हणून दुसरा अधिक जोराचा बसतो, ही चढण समजण्यास संख्याशास्त्राची गरज नाही. पहिल्या फटक्याला आवश्यक म्हणणाऱ्याला कितवा फटका अनावश्यक ठरला, हे सांगता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, जोखीम-घटकांची यादी मदतीचा अग्रक्रम ठरवण्यास उपयुक्त आहे. परंतु छळाचे मूळ सांगण्यास ती अपुरी आहे. दुसरी, ‘शिस्ती’चा मार व जीवघेणी मारहाण यांची मोजणी स्वतंत्रपणे व्हावी, त्यांच्यातील वाट मात्र एकच आहे, याचे विस्मरण होऊ नये. तिसरी, सामाजिक संमती हा यादीच्या शेवटचा एक घटक नव्हे; उरलेले घटक ज्या जमिनीत रुजतात ती जमीन तीच आहे. चौथी, अभ्यासाचा रोख न मारणाऱ्या पालकांकडे व शिक्षकांकडेही वळला पाहिजे. बालपणी मार खाऊनही मुलावर हात न उचलणारे आईवडील प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांनी हे कसे साधले, याची नोंद बालछळाच्या अभ्यासात अत्यल्प आहे.

अध्यापक महाविद्यालये व समाजकार्य महाविद्यालये यांच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. प्रशिक्षणार्थींच्या हाती यादी देण्यापूर्वी त्यांनी स्वतः खाल्लेल्या माराविषयी त्यांना बोलते करावे. ज्याला आपला मार योग्यच वाटतो, त्याला दुसऱ्याच्या मुलाच्या पाठीवरचा वळ दिसत नाही. यादीत नसलेल्या घरातील ते मूल तोवर ‘वळण लागत असलेले मूल’ म्हणूनच नोंदवले जाईल.